झडप बदलली, पण पथ्य कोण सांगणार?

महोदय,
सहा वर्षांपूर्वी माझी हृदयाची बेंटॉल शस्त्रक्रिया झाली. १९६८ पासूनची ही पद्धत: महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगलेला मूळभाग काढून झडपेसकट कृत्रिम नळी बसवतात, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तिला पुन्हा शिवतात. निकाल उत्तम, आज पर्वती चढतो, दोनदा बसून. रात्री यांत्रिक झडपेची टिकटिक ऐकून बायको म्हणते, भिंतीवरचं घड्याळ काढून टाकू.

पण रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन जन्मभर घ्यायचं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) साधारण २ ते ३ मध्ये राखायचा, औषधाचा परिणाम बदलतो म्हणून मेथी-पालक एकदम वाढवायचा किंवा सोडायचा नाही, हे मला कळलं नाकातलं रक्त थांबेना तेव्हा! डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. रुग्णालयांनी एवढं तरी मराठीत, ठळक छापावं.

– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे