मनूच्या कॉलेजबद्दल

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

मनूचं कॉलेज ठरलं. रटगर्स विद्यापीठ, न्यू ब्रन्स्विक, आमच्याच न्यू जर्सीतलं. विषय पर्यावरणशास्त्र, आणि त्यातही तिचा ओढा माती-पाण्याकडे आहे. १ मेच्या आत होकार कळवून अनामत भरायची असते, ती परवा भरली. फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई विचारते, "कंप्युटर मिळत नव्हतं का गं?" तेवढ्या वेळात धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या वेळी बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर सगळं ठरलं. यादीत सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव लागलं, बाबांनी पेढे वाटले आणि ब्रँच कोणती ते मार्कांनी ठरवलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याच डिग्रीवर आमचा इथला संसार उभा राहिला. पण इथली रीत वेगळी आहे. एका परीक्षेवर काही ठरत नाही. नववी ते बारावी या चारही वर्षांचे मार्क बघतात, शिक्षकांची पत्रं मागवतात आणि मुलाला स्वतःबद्दल साडेसहाशे शब्दांत निबंध लिहायला लावतात.

मनूने तो निबंध कशावर लिहिला माहीत आहे? आपल्या मळीच्या रानावर. मागच्या मे महिन्यात बाबा तिला बांधावर घेऊन गेले होते ना, तेव्हा खालच्या तुकड्यात मिठासारखा पांढरा थर आलेला तिने पाहिला. हाताने खरवडला, जिभेला लावून बघितला (आई, तू ओरडली होतीस). बाबांनी तिला सांगितलं, की इथे एकेकाळी ऊस उभा राहायचा, मग बारमाही पाणी आलं, पाणी देत गेलो, निचऱ्याला वाट ठेवली नाही, आणि खालचे क्षार वर आले. ती इथे परतल्यावर महिनाभर तेच वाचत होती. कृष्णाकाठची मिरज, वाळवा, शिरोळकडची क्षारपड, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी काढणं, जिप्सम कुठे चालतं आणि कुठे नुसत्या निचऱ्याने भागतं. क्षारयुक्त जमीन वेगळी, चोपण (सोडियम जास्त झालेली) वेगळी, हे मला तिने समजावून सांगितलं. शेतकऱ्याच्या मुलीला!

तेव्हा बाबा, हे खूळ अमेरिकेतून आलेलं नाही. तुमच्याच रानातून आलंय.

आता कंप्युटरचं. इथे बऱ्याच विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुख्य विषय ठरवला तरी चालतो. पदवीसाठी १२० क्रेडिट (विषयागणिक ठरलेली अभ्यासाची एककं) पुरी करायची असतात आणि सुरुवातीची बरीचशी गणित, रसायनशास्त्र, लेखन यातच जातात. कंप्युटरला मात्र ही मोकळीक अनेक ठिकाणी नाही. इलिनॉयसारख्या विद्यापीठात आधी दुसरा विषय घेऊन मग कंप्युटरला जाणं फार अवघड. म्हणून "आधी घेऊन ठेव, नंतर बदल" हा तुमचा सल्ला चुकीचा नाही, इथले आईबापही मुलांना तेच सांगतात. आम्ही दोघांनीही तिच्यापुढे हे ठेवलं होतं. ती म्हणाली, प्रोग्रॅमिंग मी शिकणारच आहे, मातीचे नकाशे आणि उपग्रहाची माहिती हाताळायची तर ते लागतंच, पण मला ते कशासाठी तरी शिकायचंय. मला हे पटलं. तुम्हीही तिच्या तोंडून एकदा ऐका.

दुसरं कॉलेज होतं इंडियानातलं पर्ड्यू, इंजिनिअरिंगसाठी. तिथे पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, शाखा नंतर निवडायची, आणि शेती इंजिनिअरिंगचं त्यांचं नावही मोठं. तिचा जीव तिथेही अडकला होता. पण तिथल्या राज्यातल्या मुलाला वर्षाची फी दहा हजार डॉलरच्या आत आणि बाहेरच्याला जवळजवळ तिप्पट, शिवाय राहणं-जेवण वेगळं. न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून रटगर्समध्ये आम्हाला घरच्या राज्याचा दर लागतो. कर्ज न काढता चार वर्षं निघतील. हिशेब आम्ही तिच्यासमोर मांडला, काही लपवलं नाही. दोन दिवस ती फार बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, रटगर्स.

पोटापाण्याचं म्हणाल तर विषारी कचऱ्याने बिघडलेल्या जमिनींची सरकारी यादी असते इथे, तिच्यात सगळ्यात जास्त जागा आमच्याच न्यू जर्सीत आहेत. त्या साफ करणं, पाणी तपासणं ही कामं कित्येक वर्षं पुरतील अशी आहेत. सहा आकडी पगार पहिल्याच दिवशी मिळणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

आणि बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. थोरल्या आप्पांना वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं होतं, स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी ते उठले, असं तुम्ही नेहमी सांगता. ते औषध रटगर्समध्येच सापडलं, १९४३ साली. वॅक्समन हे तिथले मातीतल्या सूक्ष्मजीवांचे प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने तळघरातल्या प्रयोगशाळेत ते औषध तयार करणारे जिवाणू वेगळे केले, त्यातले एक शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतले होते. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध. वॅक्समनना १९५२ साली नोबेल मिळालं. शॅट्झला त्यात वाटा मिळाला नाही, याचा मनूला भारी राग आहे. ती प्रयोगशाळा मार्टिन हॉलमध्ये छोटं संग्रहालय म्हणून जपलीय. कॉलेज बघायला गेलो तेव्हा मी तिला आप्पांचं सांगितलं, तर ती तिथेच उभी राहून विचारायला लागली, आजोबा तेव्हा केवढे होते, इंजेक्शन कुठून आणायचे, किती महिने चाललं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ते तुम्हीच द्या.

म्हणून आता रविवारी फोन आला की कंप्युटरचा विषय काढू नका, एवढी विनंती आहे. तिला आप्पांचं सांगा, पाणी यायच्या आधीचं रान कसं होतं ते सांगा. आणि कपाटातल्या फायलीत माती परीक्षणाचे जुने कागद असतील, त्यांचे फोटो कोणाकडून तरी काढून पाठवा. तिला सामू (pH) आणि क्षारतेचे आकडे हवेत, वरच्या तुकड्याचे वेगळे आणि खालच्याचे वेगळे. साल लिहिलं नसेल तर बाबा, आठवून त्यावर पेनाने लिहा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. ऑगस्टच्या शेवटी मनूला हॉस्टेलवर सोडायचंय, तिथल्या खोलीत न्यायला तुझ्या हातची गोधडी हवी म्हणतेय.

तुमची,
ताई