आप्पा, गाडी तापत नव्हती

कॉव्हेंट्री
रविवार रात्र

ती. आप्पा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आप्पांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट अर्धीमुर्धी सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसले. आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं शेवटी लिहिली आहेत. आधी आप्पांना गाडीचं सांगू दे.

आप्पा, गाडी तापत नव्हती. पंधरवड्यापूर्वी मी रडवेल्या आवाजात सांगितलं होतं ना, की माझ्या जुन्या स्पिटफायर गाडीचा पाण्याच्या तापमानाचा काटा 'सी'वरून (गार) निघतो आणि दहा-पंधरा मिनिटांत 'एच'ला (गरम) जाऊन टेकतो? काटा जात होता हे खरं. पाणी मात्र तापत नव्हतं.

तुम्ही लगेच म्हणालात, "थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्याकडं कुणी ठेवत नाही." उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आपल्या हेराल्डचा काढला होता, तो कितीतरी वर्षं खिळ्यांच्या डब्यात पडून होता, ते मला आठवतंय. पण मी इथं काढला नाही, रागावू नका. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडायला लागतो. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. तो काढला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, आणि इथल्या जानेवारीत अर्धा तास गाडी हाकली तरी इंजिन धड गरम होत नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि झीज वाढते. खरं सांगू का, कोल्हापुरातही तो ठेवायला हवा होता असं मला आता वाटतं.

भीती मात्र तुमचीच होती, इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, जायची. खंबाटकीच्या घाटात गाडी बाजूला घेऊन तुम्ही बॉनेट उघडायचात, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू द्यायचा नाहीत, ओलं फडकं टाकून वाट बघायला लावायचात. मी पाण्याची कळशी घेऊन उभी. आपल्या हेराल्डमध्ये समोर बसून पाणी किती तापलंय हे कळायचं नाही. तुम्ही वासावरून ओळखायचात. मला काटा मिळाला तर मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. तीन रविवार घालवले. रेडिएटर उलटीकडून पाणी सोडून धुतला, थर्मोस्टॅट नवा घातला, फॅन बेल्ट ताणला, कूलंट बदललं. काटा होता तिथंच.

चौथ्या रविवारी सुचलं ते पहिल्या रविवारी सुचायला हवं होतं: आधी मोजावं. करोनात दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायचे, तसलं लांबून तापमान सांगणारं पिस्तूल मिळतं, जास्त तापमानाचं. ते आणलं. एक गोष्ट तुम्हाला आवडेल. चकचकीत धातूवर धरलं तर ते चुकीचं, कमी तापमान दाखवतं. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि त्याच्यावर धरलं. गाडी पंचवीस मिनिटं चालवून आणली होती, काटा 'एच'ला भिडलेला, आणि पिस्तूल म्हणतं ८४. पुन्हा धरलं, ८४. वरचा होज पाइप गरम, खालचा त्याहून कमी, म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय. मी पुढच्या चाकावर बसून राहिले. (या गाडीचं बॉनेट पंखांसकट, म्हणजे मडगार्डांसकट, सबंध पुढं उलटतं, हेराल्डसारखंच. टायरवर बसून इंजिनात हात घालता येतो.)

मग वाटलं, काटाच बिघडलाय, दुसरा घालू. तेवढ्यात बुधवारी केनिलवर्थहून येताना गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं, आणि पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या वर! डबा घेऊन दोन मैल चालले, आणि चालता चालता तुमचं वीज मंडळातलं वाक्य आठवलं. "एका घरची लाइट गेली तर फ्यूज बघ, दोन घरची गेली तर खांबावर चढ." दोन्ही काटे जास्त दाखवत होते, एकच काटा नाही. म्हणजे दोघांत जे सामाईक आहे ते बिघडलंय.

ते सामाईक काय, ते नीट सांगते, कारण ती वस्तू मी पत्रासोबत पाठवते आहे.

या गाड्यांचे पाण्याचे आणि पेट्रोलचे काटे स्मिथ्स कंपनीचे, आणि ते चुंबकावर चालत नाहीत, उष्णतेवर चालतात. आत दोन धातूंची एकमेकींना चिकटलेली पट्टी असते, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते, आणि काट्याला ढकलते. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर काटा एकदम उडी मारत नाही, अर्धा मिनिट घेऊन संथ चढतो. पण वीज कमी-जास्त झाली तर काटाही कमी-जास्त होणार. बॅटरी कधी बारा व्होल्ट देते, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. म्हणून स्पीडोमीटरच्या पाठीवर काडेपेटीहून लहान एक पत्र्याची डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आपल्या फ्रिजला होता ना, त्याचाच धाकटा भाऊ. ती दोन्ही काट्यांना सरासरी दहा व्होल्ट देते.

कशी देते ते ऐका. तिच्यातही तशीच पट्टी, तशीच तार, आणि दोन पॉइंट. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा वीज जाते आणि पट्टी तापते. तापली की वाकते, पॉइंट उघडतात, वीज बंद. गार झाली की पुन्हा मिटतात. हे सारखं चालू. काटे स्वतः इतके संथ, की त्यांना ती उघडझाप कळत नाही, सरासरीच कळते. पण तापवणाऱ्या तारेची वीज डबीच्या पत्र्यातून अर्थिंगला जाते. अर्थिंग तुटलं तर तार तापत नाही, पॉइंट उघडत नाहीत, आणि बॅटरीची सगळी वीज सरळ काट्यांना. दोघेही वर चढणार!

आणि या गाडीचा डॅशबोर्ड लाकडी आहे, आप्पा. लाकडातून अर्थिंग कुठलं मिळणार? डॅशबोर्डवरच्या प्रत्येक डायलला वेगळी काळी वायर जोडलेली असते. काळी म्हणजे अर्थिंग, हिरवी किल्लीनंतरची, फिकट हिरवी डबीतून काट्यांकडे जाणारी.

शनिवारी सीट मागं सरकवून मी पाठीवर झोपले, डोकं क्लचच्या पेडलखाली, पाय दाराबाहेर. ओम बॅटरी धरून होता आणि उजेड डबीवर सोडून सगळीकडं पाडत होता. मी हेराल्डला बॅटरी धरायचे तेव्हा तुम्ही ओरडायचात तशीच ओरडले. मग त्याला म्हटलं, माझ्या हातावर उजेड ठेव, मी काय बघते ते तूही बघ. तेव्हा जमलं.

इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक फिकट हिरव्या वायरवर लावलं. १३.८ व्होल्ट, एकदम स्थिर. ते स्थिर असणं हीच बिघाडाची खूण होती. तिथं आकडा सारखा वरखाली व्हायला हवा. एक जादा वायर घेतली, एक टोक डबीच्या पत्र्याला, दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. मीटरचा आकडा नाचायला लागला. शून्य, तेरा, शून्य, तेरा. ओम म्हणाला, "आई, काटा खाली येतोय." मी तिथून बघू शकत नव्हते, तो सांगत होता. आला, अजून आला, थांबला.

काळ्या वायरचं टोक त्या स्क्रूखाली होतं, पण हिरवट पूड धरली होती आणि वॉशर गंजून गेला होता. पॉलिश पेपरनं घासलं, नवीन टोक लावलं, घट्ट केलं. पॉइंटही जळालेले दिसत होते, म्हणून डबीच बदलली; आता आत पट्टीऐवजी तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक तुकडा असलेली तशीच डबी मिळते.

पेट्रोलचा काटा त्या दिवसापासून खरं बोलतो. पाण्याचा मात्र पाऊणवर येऊन थांबला. पाणी ८४ आणि काटा पाऊणवर, हे मला पटेना. म्हणजे खांबाचं झालं, आता एका घरचा फ्यूज.

काटा आणि इंजिनातला सेंडर (पाणी किती तापलंय हे काट्याला कळवणारा भाग) यांतलं कोण चुकतंय, ते शोधायची एक सोपी रीत आहे. सेंडरची वायर काढायची आणि तिच्या नि अर्थिंगच्या मध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर जोडायचा. स्मिथ्सचा काटा चांगला असेल तर तो बरोबर मध्यावर येतो. मिनिटभर वाट बघितली. मध्यावर आला, केसभरही इकडं-तिकडं नाही. मग सेंडर काढला आणि स्वयंपाकघरात नेला. (आई, जुनं पातेलं घेतलं, चहाचं नाही.) पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, दोरीनं सेंडर टांगला आणि मीटर लावलं. हे सेंडर उलटे वागतात, जितकं तापमान जास्त तितका रोध कमी. गार पाण्यात शेकड्यांत होता, आणि ८२ अंशांवर आला तेव्हा जेमतेम ४३ ओहम. तिथं साधारण ६८ हवे होते, कारण या तापमानाला काटा मध्यावर असला पाहिजे. आधीच्या मालकानं केव्हातरी नवा म्हणून घातलेला, दिसायला अगदी तसाच, आटे तेच, आतला माल वेगळा. जुन्या गाड्यांना हा त्रास फार आहे. भाग नवा मिळतो, पण मापाचा मिळेल याची खात्री नाही.

काट्याच्या पाठीला दोन बारीक भोकं असतात, त्यातून स्क्रू ड्रायव्हरनं काटा जुळवता येतो. ते मी मुद्दाम केलं नाही. काटा खरा आहे हे सिद्ध झालेलं असताना, खोट्या सेंडरसाठी त्याला खोटं करायचं, हे मला पटलं नाही. तुम्हीही केलं नसतंत.

सेंडर मिळाला तो शेजारच्या आजोबांकडून. ते तरुणपणी इथल्या कॅनली भागातल्या कारखान्यात होते. स्पिटफायर तिथंच बनायची, १९६२ ते १९८०, आणि तिचा सांगाडा हेराल्डवरूनच घेतलेला. म्हणजे मद्रासला जी गाडी स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार होऊन आपल्या दारात आली, ती आणि ही बहिणी-बहिणी. कारखाना आता नाही, पाडला. तिथं ऑफिसं आहेत, आणि एका रस्त्याचं नाव हेराल्ड अव्हेन्यू. मी ऑफिसला त्याच रस्त्यानं जाते. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा तुम्हाला फोटो पाठवला होता, आठवतो का?

आजोबांनी बिस्किटांच्या डब्यातून चार जुने सेंडर काढून दिले. चारही पातेल्यात उकळले. एक मेलेला, दोन जवळपास, आणि चौथा ८२ अंशांवर ६६ ओहम. तो बसवला. आट्यांना पांढरी टेप भरपूर गुंडाळायची सवय असते तशी गुंडाळली नाही, कारण सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. नवा वॉशर घातला तेवढ्यावर गळत नाही. आजोबा पैसे घेईनात. त्यांना चकल्या दिल्या.

आज सकाळी तासभर फिरवून आणली. काटा मध्यावर, चढावर थोडा पुढं, उतारावर पुन्हा मागं. काळ्या चिकटपट्टीवर पिस्तूल धरलं, ८३.

आणि हो, डॅशबोर्डखालचा नट तुमच्या ७/१६च्या पान्यानं काढला, तुमची अक्षरं ठोकलेला आहे तो. इथल्या नव्या पान्यांपेक्षा त्याचं तोंड पातळ आहे, अडचणीत तोच शिरतो. हेराल्डचे बाकीचे पाने माळ्यावर असतील तर भंगारात देऊ नका. डिसेंबरात आले की मी घेऊन जाईन.

पाकिटात जुनी डबी ठेवली आहे. तिच्या पत्र्याचे कान पक्कडीनं हळू उघडा आणि खिडकीशी उजेडात धरा. पट्टीवरची तार दिसेल, केसाइतकी बारीक, आणि पॉइंटवरचा काळा डाग. बारा व्होल्टची बॅटरी असेल तर डबीच्या 'बी' लिहिलेल्या टोकाला जोडा, पत्र्याला अर्थिंग द्या, आणि कानाशी नेऊन बघा. बारीक टक टक येतं. डाव्या कानाशी धरा, तुम्हाला त्या कानानं जास्त ऐकू येतं.

आई, तेल पोचलं, गुडघा बरा आहे. ओमची परीक्षा मेमध्ये. मेतकूट संपत आलंय, पण घाईनं पाठवू नकोस, पोस्टाला फार पैसे पडतात. डिसेंबरात मीच आणेन.

तुमची,
मंजू

ता. क. आप्पा, ऐकायच्या मशीनचं मी मागं म्हटलं होतं. यंत्र न घेता आधी नुसती तपासणी तरी करून घ्या. आकडे काय आले ते मला लिहून पाठवा.