घोड्याच्या पायावर हात ठेवण्याआधी

हडपसर, पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

शर्यतीच्या घोड्यांवर उपचार करायच्या नोकरीचा विषय निघाल्यावर मी फोनवर गप्प बसलो, म्हणून बाबांना पसंत नाही असं तू धरून चालू नकोस. आई शेजारी होती आणि तिचा जीव कोथरूडच्या त्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात अडकलाय. आत्याचं तर विचारूच नकोस. तिच्या लेखी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात साडेपाच वर्षं घालवून मुलगी 'रेसवाल्यांची डॉक्टर' होणार. मला हे काम पसंत आहे. फक्त त्यात काय वाढून ठेवलंय ते आधी ऐक.

आपल्या सरकारी दवाखान्यात गाय येते ती चारा सोडलेली, रवंथ बंद झालेली. शर्यतीचं जनावर तसं येत नाही. ते चकचकीत असतं, पोटभर खातं, आणि तक्रार एवढीच की सकाळच्या सरावात 'नेहमीसारखं सुटत नाही'. मग दोष पायात आहे, श्वासात आहे, नालेत आहे की वर बसणाऱ्यात, ते तू शोधायचं. ट्रेनर तोवर घड्याळ बघत उभा.

कॉलेजात पाठ केलेलं तिथे वेगळंच कामाला येतं. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो आणि दौडीत तो रक्तात उतरतो. एरवी ३५-४० टक्के असलेलं पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ६० च्या पुढे जातं, हे तुला माहीत आहे. पण सुई टोचताना घोडा बिथरला तरी तो साठा काही प्रमाणात सुटतो आणि रिपोर्ट फुगतो. म्हणून रक्त काढायचं ते पहाटे, खोगीर दिसायच्या आत, त्याच्या ओळखीचा मोतद्दार जवळ असताना. दौडीत होणाऱ्या फुफ्फुसातल्या रक्तस्रावाचंही तसंच. नाकातून रक्त आलं तरच रक्तस्राव, अशी तबेल्यातली समजूत. प्रत्यक्षात बहुतेकांच्या नाकात काही दिसत नाही. शर्यतीनंतर अर्ध्या ते दीड तासात एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, घातला की श्वासनलिकेत सापडतं.

पण तुझे निम्म्याहून जास्त दिवस जाणार पायांत. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नाहीतच, हाड आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. भरधाव दौडीत एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, वजनाच्या साधारण अडीचपट. म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याचे सव्वा टन एका टापेवर. त्या पायाच्या मागच्या बाजूच्या कंडरेचा गाभा त्या वेळी ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला मोजला गेलाय. तिथले धागे एकेक करून तुटत असतात आणि घोडा लंगडत नाही. लंगडायला लागला की उशीर झालेला असतो. पुढे नऊ महिने ते वर्षभर विश्रांती, आणि भरून येतं ते वणासारखं, पहिल्या लवचीकपणाचं नाही.

म्हणून हात तयार कर. सराव सुरू होण्याआधी, पाय थंड असताना, दोन्ही पुढच्या पायांवरून गुडघ्यापासून खाली हाताची मागची बाजू फिरव. उष्णतेतला फरक तळहातापेक्षा तिला लवकर कळतो. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडून घे, कंडरा सैल पडते, आणि अंगठा व बोटाच्या चिमटीत ती बोटभर-बोटभर दाबत खाली ये. त्या वेळी पायाकडे पाहू नकोस, कानांकडे पाहा. दुखऱ्या जागी कान मागे जातो किंवा पाय हळूच ओढला जातो. हे रोज, त्याच घोड्याचं, वहीत लिहून. सोनोग्राफी त्यानंतर. आणि नालबंदाशी मैत्री ठेव. टापेचा पुढचा भाग लांब आणि टाच बसकी राहिली की कंडरेवरचा ताण वाढतो, हे चांगल्या नालबंदाला आपल्याआधी कळलेलं असतं.

आता जे मला फोनवर बोलायचं होतं ते. पैसे देणारा एक आणि रुग्ण दुसरा, असं प्रत्येक पशुवैद्याचं असतं. पण दुधाची गाय बरी व्हावी ही मालकाचीही गरज असते. शर्यतीत मालकाला रविवारची शर्यत हवी असते. वेदनाशामक देऊन घोडा सरळ चालवता येतो, आणि दुखणं जाणवत नाही म्हणूनच तो तुटेपर्यंत पळतो. शर्यतीनंतर लघवी-रक्ताचे नमुने घेतात, त्यात सापडलं तर बदनामी तुझीही. पण नमुन्यात सापडणार नाही अशा बेतानं द्या म्हणणारेही भेटतील, आणि तेच जास्त गोड बोलतात.

खेडच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, शर्यतीआधी तपासणीचा दाखला देताना मी हे पाहिलंय. एका खिल्लार बैलाचा मागचा पाय टेकताना पुठ्ठा उचलला जात होता. गाडामालक म्हणाला, "डॉक्टर, एकच बारी." मी दाखला दिला नाही. त्यानं चारचौघांत माझा उद्धार केला आणि पुढे वर्षभर रामराम घातला नाही. तुला हे दर आठवड्याला करावं लागेल, तेही नोकरी टिकवून.

आणि बैलांना विसरू नकोस, हा माझा स्वार्थ समज. २०१४ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. जुन्नर, आंबेगाव, मावळ, सगळीकडे घाट पुन्हा गजबजलेत. घोड्याच्या कंडरेवर ढीगभर वाचायला मिळतं. खिल्लाराच्या पायावर मात्र मला फारसं काही सापडलं नाही. तू काही मोजून ठेवलंस तर कामाला येईल.

परदेशाची घाई नको. अमेरिकेत २०१०पासून जनावरांचं क्रीडावैद्यक आणि पुनर्वसन ही स्वतंत्र शाखा आहे, घोडे आणि कुत्री वेगवेगळी, आणि निवडीनंतरही काही वर्षांची रेसिडेन्सी. जा जरूर, पण आधी पुण्याचा पावसाळी हंगाम एखाद्या अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली काढ, आणि हिवाळ्यात घोडे मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर गेले की तूही जा. मग एम.व्ही.एस्सी.ला शस्त्रक्रिया घ्यायची की मेडिसिन, ते तुझं तुला कळेल.

पगार सुरुवातीला कोथरूडपेक्षा कमी असेल. पेट्रोल आणि मुंबईतलं भाडं वर्षभर मी देतो, आईला मी सांगतो. आत्याला तू सांग.

तुझा,
बाबा