खुराड्याचा खरा हिशोब

मखमलाबाद, नाशिक
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, घरात सगळे बरे आहेत. फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा जमलं नाही, म्हणून लिहितोय. बाबांना नीट ऐकू यावं म्हणून तिकडे फोन स्पीकरवर असतो, दादा-वहिनी, मुलं सगळी भोवती असतात, आणि आई, तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "कोंबड्या कशा आहेत रे?" मी म्हणतो, "बऱ्या आहेत." पौषात तर तू म्हणालीस, जरा फोन खुराड्याजवळ धर, आवाज ऐकू दे. मी धरला. नेमका तुरेवाला तेव्हा आरवत होता. वीस कोंबड्यांचा गलका तो एकटा करतो हे तुला माहीतच आहे. तू तिकडे हसलीस आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता खरा हिशोब सांगतो. बाबांच्या गुडघ्यांसाठी दादाकडे गेलीस तेव्हा तू 22 सोडून गेली होतीस. मी त्यात 4 घातल्या. आज 7 उरल्यात.

कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली होती.

दिवाळी झाल्यावर थंडी सुरू झाली आणि समोरच्या नव्या बिल्डिंगमधून गावठी अंड्यांना मागणी वाढली. 15 रुपयांना एक म्हटलं तरी लोक नको म्हणत नव्हते. सुनबाई म्हणाली, आहेत तेवढ्यावर भागवू. मला हाव सुटली. एका आठवडे बाजारातून चार तरण्या कोंबड्या, म्हणजे तलंगा, आणल्या. तुरा लाल, डोळे चकचकीत, पिसं तुकतुकीत, मला त्यात खोट काही दिसली नाही. संध्याकाळी आणल्या आणि सरळ खुराड्यात सोडल्या.

तू नवी कोंबडी आणलीस की तिला पंधरा-वीस दिवस न्हाणीमागे डालग्याखाली ठेवायचीस. दाणापाणी वेगळं, तिच्याकडे जायचं तेही सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. मला आपलं वाटायचं, घर ओळखावं म्हणून करतेस. चांगला पस्तिशीचा होईपर्यंत मी ते बघत आलो आणि एकदाही विचारलं नाही की घर ओळखायला चार दिवस पुरत असताना वीस दिवस कशाला. रोग अंगात असला तर तेवढ्या दिवसांत बाहेर येतो, हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेही 11 मेल्यावर.

आठव्या दिवशी नव्यांपैकी एक पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. त्याच आठवड्यात पेपरात रोज कुंदेवाडीचा पारा छापून येत होता, निफाडला दवबिंदू गोठले म्हणून फोटो येत होते. मी म्हटलं, गारठली असेल. खुराड्याला गोणपाटं बांधली, आत शंभराचा बल्ब लावला, हळद-गूळ पाजला. दुसऱ्या दिवशी हिरवट-पांढरी हगवण. तिसऱ्या दिवशी अंडी मिळाली ती नुसती कातडीची, कवच नाहीच, हातात घेतली की पाण्याच्या फुग्यासारखी दबायची. तरीही मी शिंपल्याचा चुरा आणायला निघालो होतो, कॅल्शियम कमी पडलं असेल म्हणून! मग चिऊ ओरडत आली, "बाबा, पांढरी कोंबडी आकाशात बघतेय." मान पाठीवर उलटी पडलेली आणि ती स्वतःभोवती गोल फिरत होती. तेव्हा मात्र मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

डॉक्टर आले, बघितलं आणि सरळ म्हणाले, यावर औषध नाही. रोग विषाणूचा आहे, एकदा शिरला की आपण फक्त मोजत बसायचं. लस आधी असती तर गोष्ट वेगळी. दहा दिवसांत 19 गेल्या. शेवग्याच्या पलीकडे कंबरेइतका खड्डा घेतला, खाली चुना, वर चुना. कुत्री उकरतील म्हणून वर फरशीचे तुकडे टाकलेत. चिऊला मी सांगितलं होतं तिकडे येऊ नकोस, पण ती जिन्यात बसून मोजत होती.

बाबा, तुम्हाला 2006 आठवत असेल. नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा इकडे आपल्या आळीत कोणी अंड्याला हात लावत नव्हतं आणि तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांसमोर उकडलेली अंडी खाल्ली होती. या वेळी तशीच कुजबुज झाली. बिल्डिंगवाल्यांनी आपल्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. डॉक्टरांनी मेलेली कोंबडी तपासायला पुण्याला पाठवली, अहवालात राणीखेतच निघाला, म्हणजे आपली मानमोडी. पण अहवाल येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. मला ओट्यावर बसून अंडी खायचं धैर्य झालं नाही, हेही सांगून टाकतो.

आता आई, जे तुला सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते. मर फक्त आपल्याकडे झाली नाही. मळ्यातल्या काकूंच्या 9 गेल्या, पाण्याच्या टाकीजवळच्या मावशींच्या सगळ्या. आपल्याकडून गेला की आधीच आळीत होता हे कोणी सांगू शकत नाही, कोणी मला बोललंही नाही. पण टाकीजवळच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "तुझी आई असती तर दिवाळीनंतर सुईचा दिवस झाला असता."

सुईचा दिवस! मला तो नुसता बायकांचा घोळका वाटायचा. सकाळपासून अंगणात डालगी, पाट्या, पायाला सुतळी बांधलेल्या कोंबड्या, चहाची पातेली, आणि मध्ये तू, पंख वर धरून, आणि दवाखान्यातला माणूस सुई देतोय. मी सेकंड शिफ्टला जाताना त्यातून गाडी काढायची म्हणून चिडायचो. या वेळी मी लस विचारायला गेलो तेव्हा कळलं की बाटली येते 100 कोंबड्यांची. आपल्याकडे 7. बाटली एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या चालत नाही. म्हणजे ज्याच्याकडे वीस-पंचवीस कोंबड्या आहेत तो एकटा लस देऊच शकत नाही, किंवा दिली तर पाऊण बाटली ओतून देतो. म्हणून तू आळी गोळा करायचीस. घरोघर फिरून आकडा काढायचीस, शंभर भरेपर्यंत. वैशाखातली सुई बाबांच्या पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या धावपळीत राहिली होती आणि दिवाळीनंतरची मी राहू दिली. मला ती माझी जबाबदारी वाटलीच नव्हती. कोंबड्या सांभाळायच्या म्हणजे दाणे टाकायचे आणि रात्री दार लावायचं, एवढंच मी शिकलो होतो.

जगल्यात त्या बहुतेक तुझ्या जुन्याच. लंगडी, काळी, दोन तांबड्या, कबरी, एक तलंग आणि तुरेवाला. वर्षानुवर्षं सुई घेतलेल्या, म्हणून अंगात थोडं बळ शिल्लक असावं, असं डॉक्टर म्हणाले. ती तलंग कशी वाचली ते त्यांनाही कळेना.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी सुईचा दिवस केला. आकडा जमवायला चार संध्याकाळी फिरलो. लोक दारातूनच विचारायचे, "आई आली का?" शंभर झाल्या नाहीत, 71 झाल्या. बर्फाच्या थर्मासमधून लस आणली. मोठ्यांना पंखाजवळ सुई, लहान पिल्लांना वेगळ्या लसीचा डोळ्यात थेंब. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची झाली तर नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोरीनने लस मरते, विहिरीचंच घ्यावं लागतं, हेही त्या दिवशी समजलं. मी कोंबडी धरायला गेलो तर काळीने मनगटावर असा ओरखडा काढला की कंपनीत सुपरवायझर विचारत होता, घरी भांडण झालं का. चहा मात्र मीच केला, आणि तो मावशींनी बदलायला लावला. साखर कमी पडली होती म्हणे.

तुरेवाल्याचं काय सांगू. ज्याच्यावर बिल्डिंगची तक्रार, तोच वाचला. पहाटे चारला सुरू होतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले, दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी कायद्याचं बोलले. दुसऱ्या वेळी सुनबाईने सहा अंडी दिली, तेव्हा चारऐवजी साडेपाचला आरवेल असं काही करता येईल का, इथपर्यंत खाली आले. मी आता रात्री खुराड्याच्या झरोक्यावर जाड गोधडी टाकतो, पहाटेचा उजेड आत जाऊ नये म्हणून. थोडा फरक पडतो. पण समोरच्या पार्किंगचा दिवा रात्रभर जळतो त्याला मी काय करू? त्यांच्या दिव्यानेच आमचा कोंबडा उठतो, हे त्या गृहस्थांना सांगायचं अजून मनात आहे.

बाबा, एक तुमच्यासाठी. मुंगूस परत येतंय. तुम्ही खालच्या फटीत पत्रा ठोकला होता तो गंजून सुटलाय. मी तात्पुरत्या विटा लावल्यात. पत्रा जमिनीत किती खोल गाडला होता तुम्ही? मी वीतभर धरून चाललोय, पण ते उकरतं. आणि घोटीहून भाताचं तूस आणायचे तो टेम्पोवाला कोण? जुनं सगळं तूस मी जाळलं, आत आता नुसता भुसा आहे आणि तो लवकर ओला होतो. दुसऱ्या गुडघ्याचे टाके निघाले असं दादा म्हणाला. व्यायामाला कंटाळा करू नका, एवढंच म्हणतो, जास्त लिहीत नाही, नाहीतर पत्र वाचायचं सोडून द्याल.

आई, आणखी एक चूक आहे. ती मर होण्याइतकी मोठी नाही, पण मला जास्त लागलीय.

डॉक्टरांनी सांगितलं, खुराडं रिकामं करून धुवा, चुना मारा, महिनाभर उन्हं खाऊ द्या. उरलेल्या सात मी तेवढे दिवस न्हाणीमागे हलवल्या. एका सुट्टीत भिंती आतून-बाहेरून पांढऱ्या केल्या. संध्याकाळी सुनबाई चहा घेऊन आली आणि गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आईंच्या रेघा गेल्या." दाराच्या उजव्या अंगाला तू कोळशाने ओढायचीस त्या. कोणती खुडूक कधी बसवली, किती दिवस झाले. वर्षानुवर्षांच्या होत्या, एकावर एक. मी हात फिरवला आणि दोन मिनिटांत गेल्या. ओला चुना खरवडून बघितला, खाली नुसता काळा डाग निघतो.

लंगडी 27 जानेवारीला खुडूक झाली. तू म्हणायचीस तसं दिवसा नाही, रात्री बसवली. खाली राख, वर भाताचा पेंढा, 11 अंडी. आठव्या दिवशी चिऊने अंधारात मोबाईलचा दिवा लावून एकेक अंडं बघितलं. तू मुठीत धरून उन्हाकडे करून बघायचीस, तेच. आठांत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन स्वच्छ, रिकामी, ती काढली. एकाचं काही कळेना, ते चिऊच्या हट्टाने आतच ठेवलंय. लंगडी दिवसातून एकदाच उठते, दाणा खाते, पाणी पिते, राखेत लोळते आणि दहा-पंधरा मिनिटांत परत. परवा उशीर झाला तर चिऊ तिला ओरडत होती.

नव्या चुन्यावर मी कोळशाने रेघा सुरू केल्यात. आज 12 झाल्या. 17 तारखेला 21 पुऱ्या होतील. पिल्लं निघाली की पाचव्या-सहाव्या दिवसाचा थेंब डोळ्यात द्यायचा, तो मी आताच बोलून ठेवलाय, आणि मावशींकडेही एक बसलीय, म्हणजे बाटली थोडी तरी सत्कारणी लागेल.

तुला राग आला असेल तर फोनवर बोल, स्पीकर बंद करून. आणि एक विचारायचं राहिलं. तुझ्या रेघांमध्ये मधूनच बारीक गोल असायचे, कधी सातव्या रेघेपाशी, कधी अठराव्या. सुनबाई म्हणते अंडी बघितल्याची खूण, चिऊ म्हणते फुटलेली अंडी. अठराव्याला तू काय करायचीस? अजून सहा दिवस आहेत, त्याआधी सांग.

तुमचा,
धाकटा