हार्डडिस्क गेली नव्हती हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मिरजेच्या एका वाचकांचं पत्र होतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकायला घेतलं, डिस्कच उडाली, दुकानात नवीन बसवावी लागली, तेव्हा सामान्य माणसाने या फंदात पडू नये वगैरे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अगदी हेच माझ्या घरी झालंय आणि माझी डिस्क गेली नव्हती, त्यांचीही गेली नसणार असं मला वाटतंय.

मी इचलकरंजीत घरीच डीटीपी करते, लग्नपत्रिका, वास्तुशांत, वर्षश्राद्धाची कार्डं असलं सगळं. लॅपटॉप 2017 चा, आय फाइव्ह, सातव्या पिढीचा. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले आणि विंडोज 11 ला सहसा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आम्ही एका पिढीने हुकलो. मशीन ठणठणीत आहे हो, कीबोर्डवरची चारपाच अक्षरं पुसलीत एवढंच. पुण्याचा भाचा म्हणाला, मावशी, लिनक्स मिंट 22 (लिनक्सचाच एक प्रकार) टाक, 2029 पर्यंत अपडेट येतात, पैसे नाहीत काही नाहीत. फाइल पावणेतीन जीबीच्या आसपास, रात्रभर लावून उतरवली, पेन ड्राइव्हवर घेतली, एफ 12 दाबून त्यावरून चालू केलं, मिंट मस्त उघडलं. हौसेने भाषा मराठी निवडली. (ते करू नका, काही ओळी मराठीत काही इंग्रजीत येतात, आणि अडलं की मराठीतला मेसेज नेटवर शोधून काही सापडत नाही. आधी इंग्रजीत टाका, मराठी टायपिंग नंतर चालू करता येतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच.)

तर पुढे पुढे करत डिस्क निवडायच्या पानावर आले आणि यादीत फक्त माझा पेन ड्राइव्ह. लॅपटॉपच्या आतली 256 जीबीची एसएसडी, म्हणजे डिस्कच, गायब! पोटात गोळा आला, सोमवारी दोन पत्रिका द्यायच्या होत्या.

सकाळी दुकानात नेला. त्याने पण पेन ड्राइव्ह लावून बघितलं, म्हणाला ताई एसएसडी गेली, साडेतीन हजार होतील, त्या लिनक्सने खाल्ली. म्हटलं बरं, पण मग पेन ड्राइव्ह काढला की विंडोज चालू होतंय ते कुठनं होतंय? त्याने चालू करून बघितलं, झालं की चालू, माझ्या सगळ्या पत्रिका जागच्या जागी. मग म्हणाला आत्ता चालतीय पण जाणार ती. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

झालेलं असं होतं. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा सेटिंगचा पडदा) स्टोरेजची एक सेटिंग असते, ती कंपनीकडून येतानाच रेडवर (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) होती. डिस्क एकच, तरी नाव रेड, का ते त्यांनाच ठाऊक. या रेडमध्ये माझ्याकडे आहे तशी एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क) इंटेलच्या आरएसटी नावाच्या प्रकारामागे जाऊन बसते, विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर असतो म्हणून त्याला ती दिसते, लिनक्सला दिसत नाही. घरात माणूस आहे पण दाराला बाहेरून कडी, तसं. ती सेटिंग एएचसीआय (रेडऐवजी साधी पद्धत) केली की डिस्क यादीत येते. बस, एवढंच.

पण थांबा, हे वाचून लगेच बायोसमध्ये जाऊन बदलू नका, कारण नुसतं बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं आणि मग खरंच वाटतं की डिस्क गेली. आधी डेटा दुसरीकडे काढून ठेवा. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, बायोसमध्ये हात घातला की ती मागितली जाऊ शकते. मग विंडोजमध्येच एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक करायची, रिस्टार्ट, विंडोज चालू व्हायच्या आधीच बायोसमध्ये शिरायचं (माझ्याकडे एफ 2, कुणाकडे एफ 10, कुणाकडे डिलीट), रेडचं एएचसीआय करायचं, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं, आपला ड्रायव्हर आपण शोधून घेतं, मग ती टिक काढून टाकायची आणि परत रिस्टार्ट. मी हे रात्री दहाला भाच्याला फोनवर धरून केलं, अर्धा तास लागला, त्यात दहा मिनिटं तर एफ 2 वेळेवर दाबण्यात गेली. नंतर मिंटला डिस्क दिसली, अर्धी जागा विंडोजला अर्धी मिंटला.

सगळं एका दमात झालं असं मात्र नाही, खोटं कशाला सांगू. मिंटमध्ये वायफायच नव्हतं, चिपचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि ड्रायव्हर टाकायला नेट पाहिजे, नेटला वायफाय पाहिजे! मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून घेता येतो. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि रिस्टार्टला निळ्या पडद्यावर दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात कुठलंही बटण दाबून एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. मला वाटलं परत काहीतरी बिघडलं, बघत बसले, दहा सेकंद गेले, वायफाय नाही ते नाहीच. ड्रायव्हर काढून परत टाकला तेव्हा तो पडदा पुन्हा आला आणि या खेपेला मी बटणावर बोट ठेवूनच बसले होते.

मग दुसरं नाटक. सकाळी अकराला विंडोज उघडलं तर घड्याळात साडेपाच. यांनी तोच लॅपटॉप परत दुकानात नेला (मला न विचारता), तर म्हणे बोर्डावरचा सेल गेला, बदला. सेल गेला असता तर तारीखवार सगळंच कुठल्या कुठे गेलं असतं ना, बरोब्बर साडेपाच तासच कसा मागे पडेल? साडेपाच म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच आपली भारतातली समजून वाचतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) टाइमडेटसीटीएलची एक ओळ आहे, सेट लोकल आरटीसीवाली, ती टाकली की दोघांचं एकमत होतं. सेल अजून तोच आहे.

पत्रिकांच्या फोल्डरमध्ये मिंटमधून काही सेव्हच होईना, तेही असंच निघालं. विंडोज शटडाऊन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणून लिनक्स त्याची डिस्क नुसती वाचायला देतं. पॉवर ऑप्शनमध्ये ती टिक काढली, झालं.

आता लिनक्सची टिमकी वाजवायला मी लिहीत नाहीये. माझं पेजमेकर 7 त्याच्यावर येत नाही, 2001 चं सॉफ्टवेअर, पण आमच्या धंद्यात अजून त्यावाचून पान हलत नाही, प्रेसवाल्याला फाइल त्यातलीच लागते. म्हणून तर विंडोज ठेवलंय, तेवढ्यापुरतं, वायफाय बंद करून. बँक, ईमेल, गिऱ्हाइकांचे फोटो सगळं मिंटवर. ज्याला दोन दोन सिस्टिमची कटकट नको त्याने नवीन लॅपटॉप घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. पण डिस्क गेली, सेल गेला असं सांगून पैसे घ्यायचे आणि खापर लिनक्सवर फोडायचं हे काही पटलं नाही. तुम्ही ते पत्र छापलंत तसं हेही छापा, आणि ते बायोसचं कापू नका प्लीज, लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

त्या मिरजेच्या वाचकांना एकच सांगायचंय. नवीन डिस्क बसवली ती बसवली, पण जुनी एसएसडी दुकानातून परत आणलीत का? नसेल तर आजच जाऊन मागून घ्या. च्युइंगमच्या पट्टीएवढी असते ती. तिच्यात तुमचे फोटो, आधारच्या झेरॉक्स, सगळं जसंच्या तसं असणार. एनव्हीएमईसाठी यूएसबीचं एनक्लोजर (डबी) मिळतं बाजारात, त्यात घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, आणि उघडली तर तुमच्या पुढच्या पत्रात कळवा.

– एक वाचक, इचलकरंजी