टॅब्लेट घ्या, पण भाग बदलता येणारा

जळगाव परिसरातील डाळ मिल, जिनिंग आणि केळी पॅकिंग केंद्रांनी नोंदींसाठी टॅब्लेट वापरावेत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. पण टॅब्लेट कसा घ्यावा, हे त्यात आले नाही. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर खालावते आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. जिनिंगमध्ये तर रुईचे तंतू चार्जिंगच्या खाचेतही शिरतात. बहुतेक टॅब्लेटमध्ये बॅटरी आत चिकटवलेली असते. ती गेली की पडदा आणि प्रोसेसर धडधाकट असूनही अख्खे यंत्र अडगळीत पडते. बेअरिंग गेले म्हणून आपल्याकडे कोणी पाण्याचा पंप फेकून देत नाही! युरोपीय संघाने काही अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असणे बंधनकारक केले आहे. आपण कायद्याची वाट का पाहावी? बॅटरी, चार्जिंग पोर्ट, स्कॅनर, मेमरी सुटी बदलता येणारे टॅब्लेटच उद्योगांनी मागावेत, थोडे महाग पडले तरी. एकट्या छोट्या कारखानदाराला कंपन्या दाद देत नाहीत; म्हणून औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी एकत्रित खरेदी करून सुट्या भागांची किमान पाच वर्षांची लेखी हमी घ्यावी.

– एक लघुउद्योजक, भुसावळ