कुंभार्ली चढण्याआधी

चाकण,
१२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर सांगितलंत की पोफळी सोडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला की गाडीच्या टेम्परेचरचा काटा वर सरकतो, आणि वर हेळवाकच्या सपाटीला लागलं की आपोआप उतरतो. बहादूरशेख नाक्यावरच्या गर्दीत मात्र तो जागचा हलत नाही. निम्मं निदान यातच झालं. गर्दीत गाडी उभी असताना रेडिएटरला थंड ठेवतो तो फक्त पंखा, म्हणजे पंखा, त्याचा फ्यूज, रिले ठीक आहेत. गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी पंखा बदलायला काढला तर त्याला थांबवा.

चढावर इंजिन सगळ्यात जास्त उष्णता टाकतं आणि गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा जेमतेम लागतो. तिथेच तापत असेल तर संशय चार गोष्टींवर: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, रेडिएटरचं झाकण ढिलं, रेडिएटर चोंदलेला, नाहीतर कूलंट फिरवणारा वॉटर पंप दमलेला. मी झाकणापासून सुरुवात करीन, कारण ते काही शे रुपयांचं असतं आणि जुन्या गाडीत कोणी बदललेलं नसतं.

आई, हे झाकण म्हणजे तुझ्या कुकरची रिंग आणि शिट्टी एकत्र. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबाखाली पाणी ११८ ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि शंभराच्या आसपासच आत बुडबुडे सुटतात. झाकणात आणखी एक छोटा उलटा वॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो शेजारच्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो अडकला की बाटली फुल दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. म्हणून बाटलीवर विसंबू नका. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडून बघा, कूलंट तोंडापर्यंत हवं.

कमी असेल तर विहिरीचं पाणी ओतू नका. आपलं पाणी गोड आहे हे मान्य, पण प्रश्न नुसत्या क्षारांचा नाही. साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, मग इंजिनचं वरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, आणि पंपाची पाती आतून खाल्ली जातात. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट असेल तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. डब्यावर रेडीमिक्स लिहिलं असेल तर थेंबभरही पाणी घालायचं नाही. काढलेलं जुनं कूलंट अंगणात घमेल्यात ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, मनी चाटेल.

भरताना हीटर पूर्ण गरम बाजूला, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि पातळी घसरेल तसं भरत राहा. हवा आत अडकली तर नवीन कूलंट घालूनही गाडी तापते, आणि लोक उगाच पंप बदलत बसतात.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे, ते सोडून द्या. हिरवट किंवा गुलाबी, चिकट डाग असेल तर होजचे (रबरी नळ्यांचे) क्लिप, पंपाखालचं छोटं भोक आणि आत डाव्या सीटसमोरचा गालिचा तपासा. गालिचा ओला आणि गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी गेली. काहीच सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट मागा: हातपंपाने झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरून पंधरा मिनिटं काटा बघायचा.

एक सल्ला हमखास मिळेल: ‘वॉल्व्ह काढून टाकतो, प्रॉब्लेम संपेल.’ तो म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम झाल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा. काढू देऊ नका. तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसला की इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी सपाटीवरही दहा-पंधरा मिनिटांत तापते. वरचा होज कढत आणि खालचा गार लागतो. तुमची तक्रार तशी नाही.

घाटात काटा चढायला लागला तर आधी एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. तिसऱ्यात रडत चढण्यापेक्षा दुसरा गिअर बरा, पंप जोरात फिरतो. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली तर वळण सोडून रुंद जागी थांबा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा. पाऊण तास झाकणाला हात नाही. वरचा होज दाबून कडक लागला तर अजून थांबा. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

एक फसवी खूण सांगते. काटा अचानक खाली आला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर खूश होऊ नका. कूलंट संपलंय, सेन्सर आता कोरड्यात आहे. तसंच पुढे नेलं की हेड वाकतं. मग हेड उतरवा, फेस करा (घासून सपाट करा), त्याखालचं गॅस्केट (सील) बदला. हे काम आठवडा खातं. गॅस्केट आधीच गेलंय का हे बघायला थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर बहुतेक गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका. गाडी रोज बाजारापुरतीच फिरली की दमटपणाने तशी जमते.

झाकणावरचा आकडा आणि सकाळची पातळी, दोन्हींचे फोटो पाठवा. तोवर कराडला मावशीकडे जायचं झालं तर एसटीने जा.

तुमची,
चिमी